शरद आणि आमची दहा पोरं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी डिशवॉशरमधून ताटं काढत होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "ऑफिसात, जिन्यावर." मी हातातलं ताट जागेवर ठेवलं, उरलेली ताटंही ठेवली आणि मगच खाली बसलो. शरद वानखेडे, माझा मित्र, वय अठ्ठेचाळीस. याला आता सहा आठवडे झाले. त्याच्यावर काहीतरी लिही, असं सगळे म्हणत होते आणि मी टाळत होतो. टाळणं मला चांगलं जमतं. पण शरदने जिवाचं रान करून जे एक काम केलं, त्याचा इतिहास कुठेच लिहिलेला नाही. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या आमच्या मुलांची आइस हॉकीची टीम त्याने उभी केली. ती चार हंगाम चालली आणि बंद पडली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही.

शरद नागपूरचा. बर्फाशी त्याचा संबंध उसाच्या रसापुरता. आमच्या भागातल्या बर्फाच्या रिंकवर त्याची ऋता आणि माझा अमेय शनिवारी स्केटिंग शिकायचे. दोघं नऊ-दहा वर्षांचे असतील. तिथल्या ज्युनिअर टीमच्या निवडीत दोघंही गळले. मी म्हटलं, सुटलो. शरदने मात्र गळलेल्या सगळ्या मुलांची नावं लिहून घेतली. पाच मराठी घरांतली, दोन पंजाबी, बाकी इंग्लिश. गोलकीपर मिळेना, तर ऋतालाच पॅड बांधून उभी केली. ग्रॅहम नावाचा एक निवृत्त पोस्टमन तरुणपणी हॉकी खेळलेला होता, त्याला कोच व्हायला पटवलं. सरावाला रिंक मिळालं ते रविवारी पहाटे पावणेसहाला, म्हणजे जी वेळ दुसऱ्या कोणालाच नको होती ती.

पहिल्या हंगामात आम्ही एकही सामना जिंकलो नाही. एकदा सतरा गोल खाल्ले. परत येताना गाडीत मुलं गप्प आणि शरद एकामागून एक राउंडअबाउटला वळसे घालत म्हणतोय, "सतराच झाले ना बे? अठरावा अडवला ना आपल्या ऋतानं!" दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात सामना आला. शरदने चेंजिंग रूमच्या बाहेर सगळ्यांचे स्केट्स ओळीने मांडले. शस्त्रपूजा झाल्याशिवाय मैदानात उतरायचं कसं? पात्यांना हळदकुंकू लावलं, मुलांच्या हातावर साखर ठेवली. खेळ सुरू झाला आणि दोन मिनिटांत पंचाने शिट्टी फुंकली. बर्फावर लाल रेघा उठल्या होत्या. रक्त दिसलं की खेळ थांबवायचा, असा नियम. पंच एकेका मुलाचे हातमोजे काढून जखम शोधतोय, "हू इज ब्लीडिंग?" म्हणून ओरडतोय, आणि शरद कठड्यावरून वाकून सांगतोय, "नो ब्लड, सर! ओन्ली प्रेयर!" ग्रॅहम इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. तो सामनाही आम्ही हरलोच. तिसऱ्या वर्षी मात्र तीन जिंकलो. चौथ्या वर्षी लोक आमच्या मुलांना जरा घाबरूही लागले होते.

मी मात्र दमलो होतो. आठवडाभर सकाळची लंडनची ट्रेन, ऑफिसात सततचं सपोर्टचं काम, आणि रविवारी पुन्हा अंधारात उठून गाडीच्या काचेवरचं दंव खरवडायचं. बाहेरगावच्या सामन्यांचे दिवस तर पूर्ण जायचे. तोवर मुलं गळत गळत दहा उरली होती आणि दहाच्या खाली गेलो तर लीगमधून नाव कमी होणार, हे आम्हा सगळ्या पालकांना माहीत होतं. तरीही त्या उन्हाळ्यात मी शरदच्या घरी गेलो आणि म्हणालो, "पुढच्या वर्षी अमेय नाही येणार. अभ्यासाचं बघायला हवं आता."

"अमेय काय म्हणून राहिला?"

"त्यालाच नकोय."

अमेयला मी विचारलंही नव्हतं. "पोरगं नाही म्हणते तर जाऊ दे," शरद म्हणाला आणि चहा टाकायला उठला. पुढचा महिना त्याने दहावं मूल शोधण्यात घालवला. शाळा पालथ्या घातल्या, गुरुद्वारात जाऊन आला, चर्चच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. कोणी मिळालं नाही. अमेय घरी काहीच बोलला नाही, तेव्हा मीही स्वतःची समजूत घातली, की त्यालाही नकोच असेल. नंतरची चार वर्षं शरद आमच्याकडे गणपतीला आला, वाढदिवसांना आला. टीमचा विषय त्याने कधी काढला नाही आणि मला ते सोयीचंच होतं.

गेल्या रविवारी वहिनींनी गॅरेज आवरायला बोलावलं. मी आणि अमेय गेलो. तो आता सतरा वर्षांचा आहे. मागच्या भिंतीला खिळ्यांची रांग होती. सामन्यानंतर घामाने भिजलेल्या सामानाला असा काही वास यायचा की आमच्या बायका ते घरात घेत नसत, म्हणून शरद सगळ्या पोरांचं सामान इथे वाळवायचा. खिळे काढता काढता अमेय म्हणाला, "बाबा, तू काकाला सांगितला होता ना, की मला नको आहे? नेक्स्ट डे काका स्कूलच्या बाहेर आला होता. म्हणाला, अमेय, डू यू वॉन्ट टू प्ले? मी हो म्हटला."

मी हातातली पक्कड खाली ठेवली. "मग?"

"मी म्हटला, काका, तू मला ने ना संडेला. तो म्हणाला, मी नेलं तर बाबा खोटं बोलला ते सगळ्यांना कळेल. ही इज जस्ट टायर्ड, अमेय. घरी बोलू नको, त्याला झोपू दे."

म्हणजे दहावं मूल त्याला पहिल्याच दिवशी मिळालं होतं. ऋताची टीम, ग्रॅहमची टीम, त्याची स्वतःची चार वर्षं, सगळं त्याने जाऊ दिलं, पण मला उघडं पाडलं नाही. मला फार लाज वाटली. अजून वाटते. "तू मला का नाही सांगितलंस?" असं मी अमेयला विचारलं, आणि विचारतानाच कळलं की हा प्रश्न विचारायचा मला काहीच हक्क नाही. अमेयने खांदे उडवले. "काकाला प्रॉमिस केला होता."

शेवटच्या खिळ्यावर हातमोज्यांची एक जोडी होती. कडक वाळलेली, आत मार्करने 'अमेय' लिहिलेली. अमेयने एक मोजा हातात घालून पाहिला. बोटं अर्ध्यातच अडकली. त्याने जरा जोर लावला, मग काढला आणि माझ्याकडे दिला. वहिनींनी दारातून विचारलं, "भाऊजी, टाकायचं ना ते?" मी नको म्हणालो आणि जोडी पुन्हा खिळ्याला अडकवली.