यादीत न धरलेली सहा मिनिटं

दर रविवारी सकाळी सव्वापाचला मेहरूण तलावापाशी आम्ही धावणारे अकरा जण जमतो आणि हजेरी मी घेते. त्या रविवारी दहाच जण आले. साडेपाचपर्यंत वाट पाहून मी गोविंदनानांच्या नावापुढे फुली मारली, चार वर्षांतली पहिली. जरा चिडलेही, कारण येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं हा नियम, आणि तो नानांनीच मोडावा... पहिली फेरी पुरी व्हायच्या आत त्यांच्या मुलाचा फोन आला. बूट घालायला खुर्चीत बसले आणि तिथेच गेले. एक बूट पायात, दुसरा हातात. आम्ही सगळे तसेच घामाच्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. कोणाला कळवायचं, कोण काय आणणार, याची यादी मी रिक्षातच केली. अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही.

नाना चौतीस वर्षं जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. सरकीची धूळ छातीत भरलेली, जिना चढतानाही धाप लागायची. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर हे चालता चालता पळायला लागले, तेही जुनी पँट गुडघ्यापाशी कापून शिवून घेतलेली, तिच्यावर. आमच्या गटात आले तेव्हा साठ पूर्ण झाली होती. मी प्रत्येकाला सरावाचा तक्ता करून द्यायचे. तो पाहून ते म्हणाले, "ताई, श्वास कव्हय लेवाना तेबी लिखी द्या!" चेष्टा करायचे, पण तक्ता घडी करून खिशात असायचा आणि त्यातला एक दिवस चुकायचा नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती. धुळ्याला हिवाळ्यात एकवीस किलोमीटरची स्पर्धा असते, ती तीन तासांच्या आत पुरी करणाऱ्याला पदक मिळतं. उशीर झाला तर नुसतं लिंबू सरबत. नानांना शाळेत असल्यापासून कशातच बक्षीस मिळालेलं नव्हतं, आणि हे ते अगदी सहज, हसत सांगायचे.

पहिल्या वर्षी मी त्यांच्या सोबतीने धावले. कुठल्या किलोमीटरला घड्याळात किती वाजलेले हवेत, पाणी कुठे, केळं कुठे, सगळं मी कागदावर मांडलं होतं, आणि सतराव्या किलोमीटरपर्यंत सगळं त्या कागदाप्रमाणे चाललं होतं. देवपुरात एका वळणावर घराच्या फाटकात एक वयस्कर गृहस्थ उभे होते, हातात टॉवेल-टोपी. शेजारी त्यांच्या पत्नी, ओवाळणीचं ताट घेऊन. पाट मांडलेला. ते नानांचे व्याही, आबा. नाना थांबले. नुसते थांबले नाहीत, बूट काढून पाटावर बसले! मी घड्याळ दाखवलं, ओरडले. "ताई, तुम्ही व्हा पुढे," एवढंच म्हणाले. कुंकू लागलं, टोपी डोक्यावर आली, चहा आला, तो बशीत ओतून प्यायले. मी पुढे गेले. मला पदक मिळालं. नाना टोपी घालूनच आले, तीन तास दोन मिनिटांनी.

परतताना पारोळ्यापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. मग राहवलं नाही, म्हटलं, नाना, वर्षभराची मेहनत तुम्ही चहात घालवलीत. तेव्हा त्यांनी सांगितलं. मुलीच्या लग्नात, मांडवातल्या गडबडीत, आबांना मानाची टॉवेल-टोपी द्यायचीच राहून गेली. चूक नानांची. तेव्हापासून आबा त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. "सात वरीस तो मनासंगे धड बोलना नही. आज टोपी लिसन दारमा उभा व्हता. मी घड्याय दखू का?"  मी वेळांचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

मी त्यांना मानते ते मात्र पुढच्या गोष्टीसाठी. दुसऱ्या वर्षीचा तक्ता करायला बसलो तेव्हा मी सुचवलं की आबांना आधीच फोन करू, सत्कार नंतर ठेवा म्हणून सांगू. नानांनी साफ नकार दिला. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सतराव्या किलोमीटरपुढे स्वतः लिहिलं : याही (म्हणजे व्याही), सहा मिनिटं. म्हणजे धावायचं सगळं अंतर दोन तास चौपन्न मिनिटांच्या आत कापायचं, साठी उलटल्यावर, त्या छातीनं. मी हे होणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. वर्षभर ते मोहाडी रस्त्याच्या चढावर एकटे जास्तीचा सराव करायचे. खोकत, थुंकत, पुन्हा पळत. स्पर्धेच्या दिवशी पाटावर बसले, ओवाळून घेतलं, बशीतला चहा घाई न करता प्यायले. या वेळी मीही थांबले, मलाही अर्धा कप मिळाला. दोन तास अठ्ठावन्न मिनिटांनी आम्ही कमानीखालून गेलो. पदक गळ्यात पडल्यावर नाना ते उलटंपालटं करून, फिटर एखादा सुटा भाग पाहतो तसं पाहत राहिले. मग म्हणाले, आज लेकीकडे मुक्काम करतो.

या लेखासोबत छापायला पदकाचा फोटो हवा म्हणून मी परवा त्यांच्या मुलाकडे गेले. तो म्हणाला, पदक इथे कधी आलंच नाही. म्हणून कालच धुळ्याला जाऊन आले. आबांच्या बैठकीच्या खोलीत, देवघराच्या वर एका खिळ्याला ते टांगलेलं आहे. स्पर्धेच्या त्या संध्याकाळी मांडव नव्हता, घरातली चारच माणसं होती, पण नानांनी आबांना पाटावर बसवलं आणि पदक त्यांच्या गळ्यात घातलं. "लग्नमाधला मान ऱ्हाई गयथा, तो आज ल्या," असं म्हणाले म्हणे. सांगताना आबांनी पदक खाली काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं, परत टांगलं, ते जरा तिरकं राहिलं म्हणून पुन्हा सरळ केलं... फोटो काढायचा राहिला. माझी गाडी साडेचारची होती. आबांनी चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. मी साडेपाचच्या गाडीनं आले.