चांदी ती चांदी

"काढायला सांग तिला. ते केसांतलं आधी."

बाईनं माह्या मायकडं बोट केलं अन् हे मले म्हटलं. म्हणजे माह्या मायले मीच सांगायचं, आमच्या बोलीत, की तुही घुगरी उतरव. समोर पुरा तांडा बसलता. नायक म्हणजे तांड्याचा म्होरक्या, त्याच्या घरापुढं लिंबाखाली सतरंजी, सतरंजीवर बाई, अन् बाजूले दारव्ह्याचा सोनार काटा मांडून.

घुगरी काय ते सांगते. आमच्या गोरमाटी बाया, ज्यायले तुम्ही लमाणी म्हणता, कानाजवळच्या बटीत चांदीचे झुबके गुंफतात. दोन्हीकडून. लग्नात बांधतात. नवरा मेला की उतरवतात. मधात नाही. अन् माहा बाप तर तिथंच बैलबंडीले टेकून उभा होता. चांगला जिता.

मी बापाकडं पाहू लागली. 

"सांग की! तुझीच आई ना? मग सोपंच आहे. सुधारणा आपल्या घरापासून करावी."

ही बाई एका साहेबाची बायको. महाराष्ट्र नवा नवा झालता तवाची गोष्ट. जो तो बचत शिकवत सुटला होता. बाई जीप घेऊन तांड्यातांड्यात जाये अन् बायायले पैसा कसा राखावा त्याचा वर्ग घेये. मी सातवी पास. आमच्या तांड्यातली तेवढी शिकलेली मी एकटीच पोरगी. बाईनं मले दुभाषी म्हणून ठेवलं. म्हणे, नीट काम केलंस तर या वर्गांची मास्तरीण करीन, पगारी, कायमची. मायनं ते घरोघरी सांगतलं. सांगता सांगताच तिचं पोट भरे.

कामावर गेली त्या दिवशी बाईनं आधी माहा घागरा उतरवाले लावला. "हे आरशांचं दुकान घालून माझ्याबरोबर यायचं नाही." जुनं पातळ फेकलं अंगावर. मी तिच्या घरात पाय ठेवला की कपाटाची किल्ली फिरे. "राग मानू नकोस हं, पण तुमच्या लोकांच्या हाताला सवयच असते." हे हसत म्हणे. मी बी हसे. काय करता? नोकरी पाहिजे होती.

वर्गात ती बोले अन् मी आमच्या बोलीत सांगे. अंगावर घातलेला पैसा मेलेला पैसा, पोस्टात ठेवलेला पैसा पिल्लं देतो. गोष्ट खोटी नव्हती बाप्पा! चांदी झिजते, व्याज वाढते. मले ते पटलं होतं. मी जीव लावून शिकली होती. पण त्या एका गोष्टीच्या मागंपुढं बाई काय काय बोले!

"अंघोळ कधी केली देव जाणे, पण गळ्यात शेरभर चांदी!"

"यांना शंभर म्हणजे काय तेच कळत नाही."

"दारू गाळतील, चोऱ्या करतील, पण पोस्टाची पायरी चढायची नाहीत."

हे मी गिळे. व्याजाचं तेवढं सांगे. बाजारापुरती मराठी आमच्या साऱ्या बायायले येते, पण बाईची ती शहरी, भरभर मराठी त्यायले कुठी समजणार, असं धरून चालली होती मी. मले वाटे, मी त्यायची अब्रू राखून राह्यली.

त्या दिवशी लिंबाखाली बाईले नमुना पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचे मोठे साहेब येणार होते. तांड्यातल्या बाईनं अंगावरची चांदी मोडून पोस्टात पैसे टाकले, असं त्यायले दाखवाचं होतं. सोनार त्याच्यासाठीच जीपमधी बसून आलता, अन् बाईचा नवरा, तो साहेब, जीपमधीच बसून राह्यलता. अन् नमुना म्हणून तिले माही माय दिसली. सगळ्यात पुढं बसलती ना! पोरगी साहेबीण झाली ते पाहाले.

"जीभ गेली का तुझी?" बाई ओरडली.

मी तोंड उघडाच्या आधीच मायचे हात वर गेले.

मी एक शब्द बोलली नव्हती. तरी ती डाव्या बाजूची घुगरी सोडू लागली. गुंता झालता. केस तुटले, तरी थांबली नाही. अन् तवा माह्या डोक्यात उजेड पडला. हिले सगळं समजते. सगळं! साऱ्या बायायले समजत होतं. अंघोळीचं, चोरीचं, दारूचं. महिनेच्या महिने ऐकून चूप बसलत्या. कायले? तर माही नोकरी जाऊ नये म्हणून. मी गिळल्या असं समजत होती, त्या शिव्या त्यायच्याच पोटात गेलत्या.

"याडी, मत काड," मी म्हटलं. माय, काढू नको.

"काढू दे वो," ती आमच्या बोलीत हळूच म्हणाली. "तुही नोकरी पक्की होईल."

घुगरी काट्याच्या पारड्यात पडली. मागून माह्या बापाच्या बहिणीनं, माह्या आत्यानं, गळा काढला. मढ्यावर काढतात तसा. तिच्या मागं दुसरीनं, मग साऱ्यायनं. माह्या जित्या बापाले त्याच्याच डोळ्यापुढं रडून राह्यल्या होत्या बाया. माहा बाप बंडी सोडून खाली मातीत बसला.

बाई सोनाराले म्हणे, "बघा, चांदीवर किती जीव! नवरा मेला तरी इतक्या रडायच्या नाहीत."

सोनार हसला. त्याले माहीत होतं. त्याचं दुकान आमच्याच बायायवर चाले. घुगरी मोडीत कधी येते हे त्याच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत असणार? तरी त्यानं ती उचलली, दगडावर घासली, डोळा बारीक केला.

"खोट आहे बाईसाहेब. अर्धीच चांदी धरा."

मी उभी राह्यली. अन् मराठीत बोलली. कोणाचं काही पलटवून नाही, माहं स्वतःचं.

"बाई, आमच्यात हे नवरा मेल्यावर काढतात. माहा बाप तो पाहा, तिथं बसला."

तिनं बापाकडं पाह्यलं. बाजारात बैल पाहतात तसं.

"मग काय झालं? अगं, हेच तर तुमच्या डोक्यातून काढायचंय. चांदी ती चांदी. हौसच असेल तर पितळेची घाल म्हणावं."

"मग तुमचं मंगळसूत्र काढा. सोनं ते सोनं. ठेवा काट्यावर. साहेब जीपमधी बसलेच आहेत, जिते. पोस्टात पिल्लं देईल."

तिचा हात आधी गळ्याले गेला. मग माह्या गालावर आला. माह्या मायपुढं, बापापुढं, साऱ्या तांड्यापुढं.

"सटवे! माणसात आणलं तुला मी. अंगावरचं पातळसुद्धा माझं आहे!"

रडू नाही आलं. राग आला.  मी पारड्यातली घुगरी उचलली. काटा कलंडला अन् सोनार शिव्या देत त्याच्यामागं धावला.

"तुमची नोकरी ठेवा तुमच्यापाशी," मी म्हटलं. "पातळ उद्या धुऊन पाठवते."

जीप गेली. मी मायच्या केसात घुगरी बांधाले गेली तर आत्यानं माहा हात धरला. म्हणे, उतरली ते उतरली. शेवटी माहा बाप उठला अन् त्यानंच बांधली. त्याले बांधता येत नव्हती. चार बाया पाहत होत्या, कोणी पुढं आली नाही.

तवापासून तांड्यात लग्न निघालं की हळदीच्या वेळी मायले कोणी हाक मारे ना. ती दारापाशी उभी राहे अन् परत येऊन चुलीपाशी बसे. नवरा जिता अन् ही अपशकुनी! बाईवर राग हाय माहा, पण ह्या माह्या माणसायवर बी हाय. कायले लपवू?

मग साहेबाकडून निरोप आला. पोरीनं येऊन बाईचे पाय धरावे, मागचं विसरून कामावर घेऊ.  माय म्हणाली, "जाय. धर पाय. मी तर गेलीच, तू तरी कामाले लाग."

ती थप्पड बाईच्या थपडीपेक्षा जोरात बसली. मी नाही गेली.

थोड्या दिवसानं ऐकलं, बाई पुन्हा वर्ग घ्याले निघाली. नवीन पोरगी संगं, सोनार तोच. जागोजागी सांगे, लमाणी बायकांना बचत कळतच नाही.

कळते. बचत चांगली कळते. बाईनंच शिकवली अन् मी पक्की शिकली. रुपयाचे नवे पैसे किती, व्याज कसं चढते, अंगठा देण्याआधी काय विचारायचं, सोनार काटा धरते तवा त्याच्या करंगळीकडं काहून पाहायचं, हे सारं मीच शिकवीन. माह्या बोलीत, माहा घागरा घालून, कोणाच्या अंगावरच्या चांदीले हात न लावता. ठेवायची तिनं पोस्टात ठेवावी, घालायची तिनं घालावी. अन् कोणी सतरंजीवर बसून म्हटलं "काढ ते", तर उठून घरी जायचं. पोरीच्या नोकरीसाठी बी बसायचं नाही. कोण्याच पोरीच्या.

पगार नाही. बोलावणं नाही. माय म्हणे, लोक हाकलून देतील. देऊ दे. जिथं बाईची जीप जाईल तिथं तिच्या आधी मी जाईन, हे मी मायले तोंडावर सांगतलं.

टेकडीपलीकडच्या तांड्यात जीप सोमवारी येणार होती. मी रविवारी सकाळी पायी निघाली.