मंगळवारचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हाही नाही — तिथं नुसते हात जोडते आणि भलतंच काहीतरी बोलून परत येते. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटतंय. जाईल का? बघू.

आधी आमची थंडी सांगते. मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल, तेवढा द्या.

मुळशी धरणाच्या काठावर आमचं गाव. मार्गशीर्षात इथं उजाडतं ते डोंगरावर नाही, पाण्यावर. आधी धुकं पांढरं होतं, मग त्यातून एखादं झाड वर येतं, मग पलीकडच्या डोंगराची नुसती रेघ. गवतावर दहिवर एवढं की पायातल्या चपला ओल्या होऊन वाजायला लागतात. धुक्यात होडी चालली की माणूस दिसत नाही. वल्ह्याचा आवाज तेवढा येतो, आणि तोही भलत्याच बाजूनं. लग्न होऊन मी कासार आंबोलीहून इथं आले तेव्हा वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत.

अशा सकाळी अंगावर शाल घेऊन मी काठावरच्या कुंपणात जायचे. तिथं पांढरी लाकडी पेटी, पेटीत तापमापक, बाजूला पाऊस मोजायचं भांडं, वर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला जे दिसेल ते वहीत लिहायचं आणि फोनवरून वेधशाळेला कळवायचं, एवढंच माझं काम. गावानं माझं नाव हवाबाई ठेवलं होतं. मला ते आवडायचं. का नाही आवडणार? आमच्याकडे बायका कुणाची तरी आई नाहीतर कुणाची तरी सून असतात. मी हवेची होते.

दर शनिवारी वरून पुढच्या आठवड्याचा अंदाज यायचा. रविवारी संध्याकाळची नोंद झाली की मी देवळात जाऊन तो भोंग्यावरून वाचून दाखवायचे. कुणी सांगितलं नव्हतं, मीच सुरू केलं होतं. भात झोडपायचं, पेंढा रचायचा, वाल-हरभरा पेरायचा, लोकांना उपयोग व्हायचा. पण खरं सांगू? वाचता वाचता मला माझाच आवाज आवडायला लागला. अंदाजात नुसतं लिहिलेलं असायचं — आकाश निरभ्र, किमान तापमानात घट. मी त्याचं काय काय करायचे! सोमवारी पहाटे धुकं पाण्यावरून उठणार नाही, म्हणायचे. लेकरांना उन्हात बसवा, म्हणायचे. तो आवाज पाण्यावरून पलीकडच्या वाडीपर्यंत जायचा. थंडीत आवाज लांब जातो ना. पलीकडची माणसं हातातलं काम थांबवून ऐकतात असं कळलं, तेव्हा तर मी रात्रीच कागद लिहून ठेवायला लागले.

पलीकडच्या वाडीत कोंडिबाभाऊ राहायचा. साठीच्या पुढचा, बारका, वल्हं मारून मारून खांदे तेवढे रुंद झालेले. त्याची बायको हौसाबाई. दोघांची खाचरं तिकडं, गिरण आणि बाजार आमच्याकडे. मधे पाणी. रस्त्यानं यायचं तर अख्ख्या धरणाला वळसा, त्याला जीप सांगावी लागायची. होडीनं आलं की तासाभराचं काम. भात झोडपून झालं की पोती होडीत घालून ती दोघं गिरणीवर यायची. भरलेल्या होडीचा काठ पाण्याच्या जेमतेम वर राहतो. पाणी निवांत असलं तरच असं यायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ती मला विचारायची. दर वर्षी.

आता त्या रविवारचं.

आदल्या महिन्यात दोनदा माझा अंदाज चुकला होता. वादळी पाऊस येणार असं मी भोंग्यावरून सांगितलं, लोकांनी पळापळ करून भाताचे भारे झाकले, आणि आभाळ आपलं निळंशार. दोन्ही वेळा. कुणी वाईट बोललं नाही. हसले मात्र. एका म्हाताऱ्यानं पारावर बसून माझ्यासारखा आवाज काढून दाखवला आणि सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

त्या शनिवारी आलेला अंदाज मात्र माझ्या मनासारखा होता. आठवडाभर कोरडी हवा, कडाक्याची थंडी, पहाटे धुकं. मी रात्री बसून कागद लिहिला. इतका चांगला मी कधीच लिहिला नव्हता. आणि रविवारी पुण्याहून एक बाई येणार होत्या. त्या गावोगावचे आवाज टिपून लोकांना फोनवर ऐकवायच्या. कुणाकडून तरी माझ्याबद्दल कळलं होतं त्यांना. मी सकाळीच न्हाले, लग्नातली नारळी काठाची साडी काढली. आवाज टिपायला साडी कशाला लागते? पण नेसले.

दुपारी तीनला मी कुंपणात उभी होते. फोन वाजला. नवा निरोप होता. अंदाजात बदल — घाटमाथ्यावर मंगळवारी आणि बुधवारी मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा, तुरळक ठिकाणी गारपीट.

मी तो वाचला. पुन्हा वाचला. वर पाहिलं — आभाळात ढगाचा एक तुकडा नाही. पाण्यावर ऊन पसरलेलं, दोन पाणकोंबड्या संथ चाललेल्या. एवढ्या शांततेत गारा कुठून येणार? असं मी म्हटलं खरं. पण मी ते मनापासून म्हटलं का? नाही. इतकी वर्षं त्या पेटीपाशी काढलेल्या बाईला हे माहीत असतं की आभाळाच्या आजच्या चेहऱ्यावरून परवाचं काही सांगता येत नाही. मला वाटत होतं ते वेगळंच. पुन्हा वादळ सांगायचं, पुन्हा ते आलं नाही तर पुन्हा पारावर हसायचं — आणि तेही पाहुणीसमोर? आणि माझा कागद? त्या कागदात वादळाला जागा नव्हती.

मी फोन कमरेला खोचला, साडेपाचची नोंद केली आणि देवळात गेले.

वाचलं. आठवड्याचे सातही दिवस वाचले. मंगळवारला आले तेव्हा आवाज जरासुद्धा कापला नाही. 'मंगळवारी वारा पडलेला राहील. धरणाचं पाणी दिवसभर निजलेलं असेल.' असं वाचलं मी. 'निजलेलं'. हा शब्द माझा, अंदाजात तो कधीच नव्हता.

खाली उतरले तर पायरीपाशी कोंडिबाभाऊ आणि हौसाबाई. बाजाराला आलेले, परतायला निघालेले. हौसाबाईनं माझा हात हातात घेतला. तिचे तळवे खरखरीत आणि ऊन ऊन होते.

"लई ग्वाड वाचता, बाई," ती म्हणाली. "तुमी सांगिटलं की थंडीबी बरी वाटती."

कोंडिबाभाऊनं विचारलं, "मंगळवारी भात घिऊन येतुया गिरनीवर. हिला बी आनतो, दवाखान्यात डोळं दावायचं हायेत. होडीनं यावं का जीप सांगू?"

माझ्या कमरेला फोन होता. पाहुणीबाई शेजारीच वायरी गुंडाळत होत्या. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — थांबा, नवा निरोप आलाय. चार शब्द.

"होडीनंच या," मी म्हणाले. "पानी निवांत हाय."

झालं. एवढंच.

तुम्ही म्हणाल, सोमवारी तरी सांगायचं. हो. सोमवार अख्खा होता. कोंडिबाभाऊच्या पुतण्याचा नंबर माझ्याकडे होता. सोमवारची पहाट अशी पडली की तशी मी पुन्हा पाहिली नाही. धुकं गुडघ्याएवढं, त्याच्यावर लख्ख आभाळ, आणि मी त्या धुक्यातून चालतेय, पाय दिसत नाहीत. मला वाटलं, बघा, माझंच खरं. दिवसभर मी तशीच तरंगत होते. पाहुणीबाईंचा निरोप आला होता, आवाज फार सुंदर आलाय म्हणून. तो मी किती वेळा वाचला, सांगू नये.

मंगळवारी सकाळी पेटी उघडली तर थंडी नव्हती. पारा आदल्या दिवसापेक्षा कितीतरी वर. दहिवर नाही, धुकं नाही. बाण फिरलेला. हवा अंगाला चिकटणारी, ओलसर. याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको होता. मी वहीत आकडे लिहिले, अक्षर नीट काढलं. पलीकडे पाहिलं तर काठावर होडी बांधलेली, ठिपक्याएवढी. म्हणजे अजून वेळ होता. मी घरी गेले आणि भाकऱ्या थापल्या.

का? मला विचारू नका. म्हणजे, विचारा. मी पुष्कळदा विचारलंय. तेव्हा फोन केला असता तर त्यांनी म्हटलं असतं, परवा काय सांगत होतात? आणि मला सांगावं लागलं असतं. बस. याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही.

तीनच्या सुमाराला वारा सुटला. डोंगराकडून काळं आलं, ते आभाळासारखं नव्हतंच, कुणीतरी घोंगडी ओढावी तसं. मग गारा. पत्र्यावर असा आवाज की घरात बोललेलं ऐकू येईना. मी दारात उभी. धरण दिसत नव्हतं. आणि मला आठवतंय, त्यातही ते सुंदर दिसत होतं — अंगणभर पांढऱ्या गारा, त्यातून वाफ निघाल्यासारखी. मी ते पाहत राहिले. थोडा वेळ का होईना, पाहत राहिले.

दुपारी निघालेली त्यांची होडी मधोमध आडवी झाली. पोती बुडाली. कोंडिबाभाऊनं एका हातानं होडीची कड धरली आणि दुसऱ्या हातानं हौसाबाईला. वारा ओसरल्यावर मासेमारीवाले गेले आणि दोघांना घेऊन आले. तासाहून जास्त वेळ ती त्या पाण्यात होती, वरून गारा. कोंडिबाभाऊ वाचला. हौसाबाईला पौडच्या दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालं, मग ताप. नवव्या दिवशी ती गेली.

गावात बोलणं झालंच. हवाबाईला कसं कळलं नाही? मी म्हणाले, निरोप उशिरा आला, रेंज नव्हती. दोघा-तिघांनी मान डोलावली, आमच्याकडे रेंज जातेच. निरोप मी त्याआधीच पुसून टाकला होता. बोटाचं काम. पुसला आणि कणीक मळायला घेतली.

दहाव्याला मी वाडीवर गेले. रस्त्यानं, वळसा घालून. कोंडिबाभाऊ ओट्यावर बसला होता, डोकं भादरलेलं. मला पाहून उठायला लागला. मी म्हटलं, बसा. बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्यादेखत तो म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं —

"बाई, तुमी मनाला लावून घिऊ नका. हवा कुनाला सांगून येती का? तुमी थोडंच जानूनबुजून बोलला."

तेव्हा सांगता आलं असतं. सगळ्यांसमोर, तिथंच. मी पदर डोळ्याला लावला. बायकांना वाटलं, मी हौसाबाईसाठी रडतेय. एकीनं मला पाणी आणून दिलं. मी ते प्याले.

पाहुणीबाईंनी टिपलेला माझा आवाज पुढं खूप लोकांनी ऐकला. बाईंना हे काही माहीत नव्हतं, अजूनही नाही. यंत्र बंद करायचं राहिलेलं, त्यात आलेलं पायरीवरचं बोलणंही त्यांनी शेवटी तसंच ठेवलं होतं. गावाकडचा गोडवा म्हणून असेल. म्हणजे हौसाबाईचा आवाज आहे, कोंडिबाभाऊचा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर. मी एकदाच ऐकलं. माझा आवाज खरोखरच चांगला आलाय. इतका प्रेमळ, की माझाही विश्वास बसावा.

आता काठावर आपोआप नोंद घेणारं यंत्र बसलंय. लोक अंदाज फोनवर बघतात, भोंगा फक्त उत्सवाला लागतो. कोंडिबाभाऊ महाळुंग्याला मुलाकडे गेला, तिथल्या एका नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. खाचरं पडीक आहेत. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. तिथं त्याला हवेचं काय काम? पण विचारतो, "काय बाई, हवा काय म्हनतीया?" मी सांगते. धुकं किती, पाणी किती लांबपर्यंत दिसतंय, पलीकडच्या आंब्याला मोहर आला का. तो ऐकतो. मधेच म्हणतो, सांगा, सांगा. मी माझ्या त्याच आवाजात सांगत राहते.

त्या रविवारी मला ठाऊक होतं का, हे त्यानं एकदाही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. उद्या विचारलं तरी नाहीच म्हणेन, हे मी आज, पूर्ण शुद्धीत लिहितेय.

कोंडिबाभाऊला वाचता येत नाही. हे लिहायला बसले तेव्हा मला ते माहीत होतं.