झालंच समजा

नोकरीत मी एकदा अख्खं शिबिर खुर्चीवरून न उठता पार पाडलं होतं. कॉम्प्युटरवर. बावीस कामं, बावीसही हिरवी. शिबिराला दोन दिवस बाकी होते. मी दुसरा चहा मागवला आणि चष्मा पुसून ती हिरवळ पुन्हा एकदा डोळे भरून पाहिली.

तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून वेळ होता. नेर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका. नर्स आणि आशाताईंच्या कामावर लक्ष ठेवणारी बाई, असं समजा. शिबिर मोतीबिंदूचं होतं. गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर येणार, म्हाताऱ्यांना तपासणार आणि ज्यांचा मोतीबिंदू पिकलाय त्यांना त्याच दिवशी ऑपरेशनसाठी यवतमाळला नेणार. त्यासाठी प्रत्येकाचं बीपी आणि शुगर आधी तपासलेलं लागतं. ते नसेल तर म्हातारा दारातून परत. पुढचं शिबिर पावसाळ्यानंतर.

आमचे मेडिकल ऑफिसर नाशिककडचे, वयानं माझ्या मुलाएवढे. त्यांनी एक टेम्प्लेट आणलं होतं. टेम्प्लेट म्हणजे आधीच आखून ठेवलेला तक्ता, आपण फक्त भरायचा. काम काय, कोण करणार, कधीपर्यंत आणि स्थिती. स्थितीत ‘बाकी’ लिहिलं की चौकट लाल, ‘चालू’ लिहिलं की पिवळी, ‘पूर्ण’ लिहिलं की हिरवी. मला ते फार आवडलं. लाल चौकट दिसली की मी फोन लावायची, कधी ड्रायव्हर बबनभाऊला, कधी नर्स सुनीताला.

“बबनभाऊ, गाडीचं काय?”

“झालंच समजा, मॅडम.”

हिरवं.

“सुनीता, तांड्यावर निरोप गेला? बीपी-शुगर?”

“झालंच समजा, मॅडम.”

हिरवं.

आता आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर ‘नाही झालं’ सांगत नाहीत. वाईट दिसतं. ‘झालंच समजा’ म्हणतात. त्याचा अर्थ, करायची इच्छा पक्की आहे. हे मला ठाऊक नव्हतं म्हणाल, तर मी दिग्रसची, याच जिल्ह्यातली. लग्नानंतर सासूबाईंना पापडांचं ‘झालंच समजा’ सांगून मी तीन उन्हाळे काढलेत. पण कॉम्प्युटर समोर आला की माणूस आपली भाषा विसरतो.

तर, मंगळवारी दुपारी झमकूबाई आली. बंजारा तांड्यावरची. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि हिला सगळेच याडी म्हणायचे. दाराची चौकट चाचपत आत आली. दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी साय.

“बाई, इथं डोयाचं शिबिर हाय म्हनते. खरं हाय काय?”

“गुरुवारी आहे, याडी. तुले निरोप नाही भेटला?”

“बसमदी कंडक्टर बोलून राह्यलता. आमच्या तांड्यावर त कोनीच नाही आलं.”

मी स्क्रीनकडे पाहिलं. ओळ चौदा: तांडा, निरोप व तपासणी. गर्द हिरवी.

“मग बीपी? शुगर?”

“ते काय असते?” ती बाकावर बसली आणि पदरातून एक पुडकं काढलं. आत नातीची कांचळी होती, म्हणजे लग्नात घालायची आरसे लावलेली चोळी. अर्धीच भरलेली. “लग्न मे महिन्यात हाय. सुईत दोरा जात नाही. दुसऱ्याच्या हातची घालून माही नात मांडवात जाईन, त मी कायले जगून राह्यली?”

मागे आमचे नाशिकचे डॉक्टर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, “मॅडम, तक्ता तर पूर्ण आहे ना?”

मी चहा तसाच ठेवून उठले. पहिल्यांदा गाडीकडे गेले. गाडी उभी होती, मागून विटांवर.

“बबनभाऊ, मागची चाकं कुठं आहेत?”

“नेरले गेलती पंक्चर काढाले. आलीच समजा.”

“दोन्ही?”

“एकटं कायले पाठवायचं?”

सुनीताला बोलावलं. तिचं पोरगं तापानं फणफणलं होतं, सोमवारी तांड्यावर जाणार होती ती जाऊ शकली नव्हती. रडायला लागली. मी तिच्यावर काय ओरडणार? तिनं सांगितलेलं तपासायचं काम माझं होतं, आणि ते मी चहा पीत पीत केलं होतं.

डॉक्टरांनी तक्ता छापून भिंतीवर लावला. मी स्केचपेननं त्यात हातानं एक रकाना वाढवला: ‘कोणी पाहिलं?’ नियम एकच. काम करणारा वेगळा, पाहणारा वेगळा. पाहणाऱ्याची सही झाल्याशिवाय हिरवं नाही. आणि कॉम्प्युटर डॉक्टरांनी माझ्याकडून काढून घेतला. तेही मीच सुचवलं, नाहीतर त्यांनी काढलाच असता.

मग जी मजा आली ती सांगते. सुनीतानं गाडीच्या चारही चाकांना लाथा मारून पाहिल्या, मग सही केली. बुधवारी बबनभाऊ तिला त्याच गाडीतून तांड्यावर घेऊन गेला आणि प्रत्येक म्हाताऱ्याच्या बीपीच्या वेळी मशीनमध्ये डोकं घालून उभा. “आकडा दाखव ताई, झालंच समजा नोको सांगू.” कालपर्यंत एकमेकांना सांभाळून घेणारी माणसं एकमेकांना रंगेहाथ पकडण्यात इतकी रमली, की सगळी कामं संध्याकाळच्या आत उरकली.

एक ओळ उरली. खुर्च्या आणि पाणी. जबाबदारी: मी. ‘चाळीस खुर्च्या, पूर्ण’ असं मीच लिहिलं होतं.

“हे कोण पाहणार?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी पायते,” बाकावरून झमकूबाई म्हणाली. तपासणीनंतर ती बबनभाऊच्याच गाडीत बसून परत आली होती, गुरुवारी गाडी चुकेल म्हणून.

“याडी, तुले दिसत नाही.”

“हाताले त समजते.” ती उठली, भिंत धरून मंडपात गेली आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर थाप मारत मोजत आली. “अकरा. अन् एकीचा पाय मोडेल हाय.”

बाकीच्या शाळेतून येणार होत्या. आल्याच समजा, असं मी स्वतःला सांगितलं होतं. बबनभाऊ इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं, तेही त्या मोडक्या खुर्चीवर. त्या संध्याकाळी शाळेतून खुर्च्या मी स्वतः वाहिल्या, दोन-दोन करून. सही म्हणून याडीनं अंगठा दिला.

गुरुवारी तांड्यावरचं एकही माणूस दारातून परत गेलं नाही. झमकूबाईचं ऑपरेशन झालं.

आता माझी नात पुण्यात मोठ्या ऑफिसात असलेच तक्ते सांभाळते. तिचे म्हणे आपोआप रंगतात. मी तिला एवढंच विचारते, कोणी पाहिलं? ती म्हणते, आजी, सिस्टिम पाहते. बरं आहे. सिस्टिमला एखादी खुर्ची थोपटायला लावा म्हणावं.

त्या वर्षी एप्रिल संपताना झमकूबाई परत आली होती, पूर्ण झालेली कांचळी दाखवायला. आरसे असे बसवले होते की खोलीभर कवडसे नाचत होते. तिनं कांचळी घडी केली आणि भिंतीवरच्या आमच्या तक्त्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मी विचारलं, काय पाहते? पहिल्यांदा माझा जुना छापील तक्ता कोणता आणि नंतर वाढवलेला रकाना कोणता, ते तिनं माझ्याकडून समजून घेतलं. मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली,

“बाई, डोये माहे गेलते, पन दिसत त तुले नोतं.”