निमंत्रक म्हणून एकच नाव

आमच्या वन्संनी सख्ख्या भावाचं नाव त्याच्याच मुलीच्या लग्नपत्रिकेत घातलं नाही.

तो भाऊ म्हणजे माझा नवरा.

वन्सं आज सकाळी गेल्या. माझ्या घरी, माझ्या हातचा अर्धा कप चहा पिऊन.
म्हणून आज सगळं सांगून टाकते.

आमची मुलगी मनू तिसरीत असताना तिचे वडील घर सोडून गेले. हरवले नाहीत, की संन्यास घेतला नाही. दुसरा संसार मांडला.
मी चौकात ब्लाऊज शिवून पोरीला मोठं केलं. आणि नणंद असून वन्सं भावाच्या नाही, माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या.

वन्संचे यजमान टेंपोवर नावं रंगवायचे. ते गेल्यावर ब्रश वन्संनी हातात घेतला. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर असं की खोपोलीहून टेंपोवाले शोधत यायचे. जाड, जरा तिरपं, खाली लाल सावली दिलेलं.

मनूचं लग्न कशेळ्याच्या मुलाशी ठरलं तेव्हा ती म्हणाली, "आई, सगळं हातानं करू. पत्रिका आत्या लिहील, बाकीचं तू शिव."

माझ्याकडे ब्लाऊजपिसांचे उरलेले काठ पोतंभर होते. त्यांची किनार पत्रिकांना लावली. मुंडावळ्यांचे मोती मनूनं ओवले. अंतरपाट मी तुकडे जोडून शिवला.

शेजारीण म्हणाली, "अगं, लोकांच्या ब्लाऊजचे तुकडे नवरा-नवरीच्या मधे धरणार?"
वन्सं म्हणाल्या, "मग? त्या बायांनापन बोलावलंच हाय की."

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं.

मग शिळफाट्याहून थोरले दीर आले. आण्णा. नमुन्याची पत्रिका चष्मा लावून वाचली.
निमंत्रक: शालिनी, म्हणजे मी, पुढे आडनाव. आधी सौ. नाही, श्रीमती नाही. मधे नवऱ्याचं नाव नाही.

ते वन्संना म्हणाले, "कमल, ह्ये काय? बाप जिवंत हाय ना पोरीचा?"
"हाय की."
"मंग त्याचं नाव पयलं आलं पायजे. लोक काय समजतील?"
"खरं काय ते समजतील."
"तुजा सख्खा भाऊ हाय तो."
"म्हनून तर एवढी वर्सं गप बसले."
"मंग भावकीतला एक मानूस मांडवात येनार नाय. कन्यादान कोन करतंय तेच बघतो."

पाणीसुद्धा न पिता उठले.

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. कशेळ्याला कळलं आणि लग्न मोडलं तर?
संध्याकाळी वन्संकडे गेले. म्हटलं, "वन्सं, घाला त्यांचं नाव. एका नावानं काय होतंय. पोरीचं नीट पार पडू दे."

वन्सं खाटेवर बसून अंगठा चोळत होत्या.
"उशीर झाला गं शालू. दोनशेच्या दोनशे लिहून झाल्या. आता परत लिहायला हात नाय चालायचा माजा."

मी घरी आले. हातानं केलेल्या दोनशे वस्तू टाकून द्या म्हणायला माझी जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी कुलदैवतापुढे ठेवायची पत्रिका घ्यायला गेले. ट्रंक उघडली.
अकरा लिहिलेल्या. बाकी सगळ्या कोऱ्या.

"वन्सं, हे काय?"
"अकरा झाल्यात."
"काल तर दोनशे म्हणालात."
"नसते म्हनले तर तू कालच त्याचं नाव घालून मोकळी झाली असतीस."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, जसं काही भाजीत मीठ टाकलं म्हणून सांगतात.

खरं तर तेव्हाही मला थांबवता आलं असतं. एकशे एकोणनव्वद पत्रिका कोऱ्या होत्या. वन्सं ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत बसल्या.

मी पदर खोचला. म्हटलं, "लिहा. मी वाळत घालते."

कशेळ्याचे व्याही पत्रिका बघून हसले. "पत्रिका हाय का टेंपोची पाटी?"
वन्सं म्हणाल्या, "टेंपोवरचं नाव लांबनं वाचता येतं. आमाला तेवढंच पायजे होतं."
व्याही भला माणूस. पत्रिका भिंतीला लावली. अजून आहे.

आण्णा लग्नाला आले नाहीत. त्यांची बायको, माझ्या जाऊबाई, मात्र आल्या. एकट्या, रिक्षा करून, कुणाला न विचारता.
भटजींनी विचारलं, "मुलीचे वडील?"
वन्सं म्हणाल्या, "आई हाय. चालू करा."
कन्यादान मी केलं.

आता आजचं.

घरच्या ग्रुपवर आण्णांच्या मुलानं मेसेज टाकलाय. वन्संचं दुःखद निधन, त्यांच्या पश्चात दोन भाऊ, एक भावजय, पुतणे असा परिवार.

दोन भाऊ. म्हणजे त्यात माझा नवरा आला. तीन महिने बहीण अंथरुणाला खिळलेली, एक फोन नाही केला त्यानं.
एक भावजय. त्या जाऊबाई.
रोज अंघोळ घालणारी, वेणी घालणारी मी त्यात नाही. मनू तर नाहीच.

ग्रुपवर मी भांडले नाही. तिथलं माझं लिहिलेलं ते पुसतील.
माझ्या फेसबुकच्या भिंतीवरचं कोण पुसतो बघू.

तर मी कळवते.

कमल, चौकातल्या टेंपोंवर नावं रंगवणाऱ्या, माझ्या वन्सं आज गेल्या. दुपारी तीनला त्यांना माझ्या दारातून नेणार आहोत. मनू निघाली आहे, खांदा तीही देणार. ज्यांना यायचंय त्यांनी यावं. आण्णांनीही यावं, दार उघडं आहे.

वन्सं, सावकाश जा.

शोकाकुल,
शालिनी
कमलची भावजय