दोन गाठींचं गाठोडं

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तसे सरळ माणूस. पण चादरीच्या बाबतीत ठार वेडे. पाहुणे म्हणून कुठे गेले तरी आधी पलंगाकडे नजर. चादरीला सुरकुती दिसली की यांच्या कपाळाला दोन पडायच्या. अख्खी नोकरी सरकारी इस्पितळाच्या लाँड्रीत काढली, तळघरात, वाफेत आणि सोड्याच्या वासात. तिथे सगळे त्यांना 'इस्त्री' म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही, ताईने डोळे वटारले असते. मनात मात्र रोज म्हणायचे.

वरच्या मजल्यांवरून एक पत्र्याची घसरगुंडी थेट लाँड्रीत उतरायची. त्यातून मळक्या चादरींची गाठोडी धपाधप खाली यायची, आणि वर काय चाललंय ते या लोकांना गाठोड्यांवरून कळायचं. साध्या गाठोड्याला एक गाठ. पेशंट दगावला की त्याच्या खाटेवरचं सगळं वेगळं बांधायचं आणि दोन गाठी मारायच्या. म्हणजे ते दोनदा उकळायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, वॉर्डातल्या आया तसं करायच्या आणि लाँड्रीवाले ते ओळखायचे. भावोजी जेवायला बसले की सुरू व्हायचे, "आज दोन गाठींची फार आली." ताई म्हणायची, "अहो, घास तरी उतरू द्या घशाखाली!"

निवृत्त झाल्यावर दोघांना सरकारी उपचारांचं कार्ड मिळालं. मरेपर्यंत औषधपाणी, ऑपरेशन, सगळं त्यावर. दुसऱ्या कुणाला लॉटरी लागल्यासारखं वाटलं असतं. आमच्या इस्त्रीसाहेबांनी ते कार्ड बघून नाक मुरडलं. कारण तिथल्या चादरी त्यांना ठाऊक होत्या. साबण संपला की नुसत्या पाण्यातून काढलेल्या, बॉयलर बंद पडला की ओल्याच वर पाठवलेल्या. ताईला सांगायचे, "त्या चादरींवर मी तुला झोपवणार नाही. माझ्या हातून गेल्यात त्या."

असल्या माणसाला विम्याचा एजंट भेटला नसता तरच नवल. तो गोडबोल्या यांना घेऊन गेला एका खासगी हॉस्पिटलात, मोकळी खोली दाखवायला. भावोजींनी काय विचारावं? पॉलिसीत कुठले आजार बसतात? कुठले बसत नाहीत? छे! त्यांनी चादरीचा कोपरा उचलला, चिमटीत चोळला, नाकाला लावला, गादीखाली कोपरे कसे दुमडलेत ते वाकून पाहिलं, आणि घरी आले ते नवरदेवासारखे खुशीत.

"काय सुरेख कोपरे आहेत गं! आणि वास? कसलाच नाही!"

मी म्हटलं, "भावोजी, चादर बघून कुणी विमा घेतं का?"

"आली तोफ!" मला ते तोफच म्हणायचे. "तू जन्मभर लोकांचे कपडे शिवलेस. कापड बघून घर ओळखतेस की नाही? ज्यांना चादर नीट घालता येते, ते माणसाकडे दुर्लक्ष करत नाहीत."

ताई हसत होती. हसणारच, नवरा तिच्याच अंथरुणासाठी एवढा जीव टाकत होता.

अट अशी होती की दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही. खासगी विमा हवा तर सरकारी कार्ड परत करायचं, मग सरकार विम्याच्या हप्त्याचा थोडा भार उचलतं. भावोजी कार्ड परत द्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं होतं, "नक्की ना, काका? पुन्हा विचार करा." काका म्हणाले, "बाई, मी तुमच्या इस्पितळाला आतून ओळखतो." वर ही फुशारकी आम्हाला येऊन सांगितली.

सुरुवातीला सगळं छान चाललं. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्या खासगी हॉस्पिटलात झालं. भावोजी तिच्या खाटेजवळ असे बसले होते की जणू चादर त्यांनीच विणली आहे. माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मग ताईचे पाय सुजायला लागले. तोंडाची चव गेली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलीत, आता डायलिसिस. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मशीनला लावून रक्त धुऊन घ्यायचं, आणि हे कायमचं. भावोजी "धुऊन" या शब्दाला मान हलवत राहिले. तेवढंच त्यांना समजलं.

कंपनीने थोडे दिवस खर्च दिला आणि मग काखा वर केल्या. म्हणे मूत्रपिंडं बिघडली ती साखरेच्या आजारामुळे, तो पॉलिसी घेण्याआधीपासून होता, आणि आधीचे आजार पॉलिसीत बसत नाहीत. ते कुठे तरी बारीक अक्षरात होतं. गोडबोल्या एजंटचा फोन लागेना. शेवटी मीच त्याच्या ऑफिसात जाऊन त्याला उभा-आडवा घेतला. तो माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवून म्हणाला, "मावशी, मी फक्त रूम दाखवली होती." असा संताप आला! पण खोटं कुठे बोलत होता मेला?

मग सरकारी ऑफिसचे उंबरठे झिजवले. खिडकीत त्याच बाई. त्यांनी भावोजींना ओळखलं, बसायला खुर्ची दिली, आणि म्हणाल्या, "काका, बाहेर पडायचं तर केव्हाही पडता येतं. परत यायला मुदत असते, आणि तुमची कधीच संपली. आता नाही होणार." भावोजी म्हणाले, "मी तिथे नोकरी केली आहे हो." बाई म्हणाल्या, "म्हणून तर मी तेव्हा विचारलं होतं." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. बाहेर आल्यावर भावोजी पायरीवरच बसले. त्यांना उठवताना मी पहिल्यांदा त्यांचा हात धरला. किती हलका लागला तो हात!

घरात होतं नव्हतं ते खासगी मशीनला घातलं. सरत आलं तेव्हा पुन्हा सरकारी इस्पितळच उरलं. तिथल्या मशीनवर कार्डवाल्यांच्या पाळ्या बांधलेल्या. बिनकार्डाच्या माणसाला मशीन कधी मिळणार? बांधलेल्या पाळीचा पेशंट आला नाही तर. वॉर्डाबाहेर बाकावर अशी माणसं बसून असायची, दार उघडलं की सगळ्यांच्या माना वर. जो आधी दाराशी, त्याला मशीन. ताईला बाकावर बसवत नव्हतं. एक-दोनदा नेली आणि तशीच परत आणली, जोडे घालताना तिला धाप लागली होती.

त्यानंतर मात्र नशीब फिरल्यासारखं झालं. इस्पितळाच्या मागच्याच गल्लीत यांचं घर. भावोजी सकाळीच गायब व्हायचे, आणि एखाद्या दिवशी अचानक धापा टाकत यायचे, "चल, चल, मशीन मोकळं आहे!" ताईला चाकाच्या खुर्चीत बसवायचे, घरची निळी चादर तिच्या मांडीवर ठेवायचे, कारण तिथल्या चादरीवर तिला झोपवायचं नाही हा हट्ट अजून तसाच, आणि पळत सुटायचे. बाकावरची माणसं बघत राहायची. ताई मला म्हणाली, "यांची अजून वट आहे हं तिथे!" म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही, चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

ही वट काय आहे ते बघायला मी एक दिवस त्यांच्या मागे गेले. ते वॉर्डाकडे गेलेच नाहीत. तळघरात उतरले. त्यांचा जुना जोडीदार जाड्या अजून नोकरीत होता, त्याने न विचारता स्टूल पुढे केलं. भावोजी त्या पत्र्याच्या घसरगुंडीसमोर बसले. गाठोडी येत होती. मूत्रपिंडाच्या वॉर्डातलं गाठोडं हिरव्या पट्टीचं असतं. ते आलं की दोघं वाकून गाठ बघायचे. एकच असली की भावोजी पुन्हा स्टुलावर टेकायचे.

मला सगळं कळलं. दगावलेल्याचं मशीन मोकळं झालं हे वर नर्सने बाहेर सांगायला वेळ लागतो, बाकावरच्यांना तर सगळ्यात शेवटी कळतं. गाठोडं मात्र लगेच खाली येतं.

मी म्हटलं, "भावोजी, हे काय करताय?"

"वाट बघतोय," ते म्हणाले. मग मान खाली घालून, "ताईला सांगू नकोस." एरवी ऐकून घेणारी नव्हे मी. पण नका बघू वाट, असं म्हणू? माझ्या बहिणीला मशीन नको, असं म्हणू? मी तोंड फिरवून जिना चढले.

ताईची त्या वॉर्डात एक मैत्रीण झाली होती. शेजारच्या खाटेवरची, कार्डवाली, शाळेच्या बसवर वाहक होती. भारी गप्पिष्ट बाई. ताई वॉर्डात आली की म्हणायची, "आली का महाराणी स्वतःची चादर घेऊन?" आणि मग दोघी मशीन थांबेपर्यंत खिदळायच्या. आजारी पडल्यापासून ताई हसताना मी तिथेच पाहिली.

एका दुपारी भावोजी धावत आले. मी घरीच होते, मीही खुर्ची ढकलायला गेले. नर्सने मोकळी खाट दाखवली. ती त्या बसवाल्या बाईची होती.

भावोजी निळी चादर घालायला लागले. ताईने खाटेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "ही कुठे गेली?"

"लेकीकडे गेली असेल."

"दोन गाठी होत्या ना?" ताईने विचारलं.

भावोजींच्या हातातला चादरीचा कोपरा तसाच राहिला. एवढ्या वर्षांची जेवणं, एवढ्या गप्पा! लाँड्रीवाल्याच्या बायकोला गाठी ठाऊक नसतील, असं त्यांना वाटलं तरी कसं? त्या दिवशी ती आडवी झाली. सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून होती.

पुढच्या वेळी भावोजी धावत आले तेव्हा ती जागची हलली नाही. "कोण होतं?" ते म्हणाले, "मला काय ठाऊक?" ती म्हणाली, "नाव विचारून या. मग येते मी." बिचारे पुन्हा धावत गेले, नाव विचारलं, परत आले, धापा टाकत नाव सांगितलं. ताईने ते नाव एकदा उच्चारलं आणि पाय खाली सोडले. तोवर मशीन बाकावरच्या कुणाला तरी मिळालं होतं.

मग दरवेळी तेच. मी ओरडले, पाया पडले, हिला वेड लागलंय का म्हणून रडलेसुद्धा. ती म्हणायची, "नाव नको का कळायला?" भावोजी ओरडले नाहीत. ते नाव आणायला धावत राहिले.

ताई घरातच गेली, सकाळी, त्यांच्या निळ्या चादरीवर. सगळे पांगल्यावर मी चादर धुवायला काढायला गेले, तर भावोजी म्हणाले, "थांब, तुला नाही जमायचं." त्यांनी चादर उशीच्या अभ्र्यासकट गोळा केली आणि हाताच्या सवयीने बांधली. एक गाठ मारली. त्यावर दुसरी मारली. मग गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिले.

मला म्हणाले, "काय गं, हिची पाळी आता कुणाला मिळाली असेल?"

ताईची पाळी होतीच कुठे, जी कुणाला मिळेल?