आत्या आणि कणकेचा गोळा

साऱ्या बंगळूरात लाज म्हणून जिला ठाऊकच नव्हती अशी एकच बाई होती, आणि ती नेमकी माझी आत्या निघाली. पन्नास-साठच्या दशकात बायकांच्या छातीतल्या गाठी काढणारी सर्जन म्हणून तिचं मोठं नाव. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहायची. निम्म्या चिकपेटच्या बायका तिने वेळेवर वाचवल्या. माझी आई तेवढी वाचवायची राहिली.

हळदीकुंकवाला आत्या डब्यातून कणकेचा गोळा घेऊन जायची. त्यात एक हरभरा दडवलेला. बायकांनी तो बोटांनी चाचपून शोधायचा. "स्वल्प हळू गं, पोळ्या लाटायच्या नाहीयेत! अशीच महिन्यातून एकदा आपली छाती बघायची." हा शब्द ऐकला की यजमानीण गुलाबदाणीसकट स्वयंपाकघरात पळायची. एकदा तर साडीच्या दुकानात, भर गर्दीत, तिने एका ओळखीच्या बाईला खणखणीत विचारलं, "डावीकडच्या त्या गाठीचं काय झालं?" दुकानदाराच्या हातातला गज खाली पडला. मी, वीस वर्षांचा शूर पुरुष, लुगड्यांच्या ढिगात तोंड खुपसून भाव विचारत राहिलो. बाहेर आल्यावर म्हटलं, "आत्या, जरा हळू बोलत जा की." ती म्हणाली, "हळू बोलणाऱ्या बायका माझ्याकडे उशिरा येतात, अण्णा."

आमच्या घरच्या हळदीकुंकवात हरभरा सगळ्यांआधी आईला सापडायचा. "वहिनीची बोटं बघा, सर्जनची बोटं!" आत्या सगळ्यांना ऐकवायची. त्या बोटांना आईची स्वतःची गाठही सापडली होती. आई वर्षभर गप्प राहिली. चोळीवर डाग दिसला तेव्हा कुठे घराला कळलं. आत्याने तपासलं आणि हात धुऊन बाहेर आली ती भिंतीला टेकूनच उभी राहिली. आता कापून काही उपयोग उरला नव्हता.

"वहिनी, रोज ताटाला ताट लावून जेवतो आपण. मला का नाही सांगितलंस?"

आईला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "अक्का, तुम्ही नणंद. नणंदेपुढे चोळी कशी सोडायची? परकी डाक्टरीण असती तर गेले असते की."

घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आईचं काही चुकलं असं आम्हाला वाटलंच नाही. एवढं शहाणं आमचं घराणं.

आई गेली. पुढे दरवर्षी आत्या आमच्या घरच्या बायकांसाठी एक कानडी बोलणारी, अगदी परकी डॉक्टरीण घेऊन यायची. ती आत जायची, दार लागायचं, आणि आत्या बाहेर पायरीवर चपलांशेजारी बसायची. माझं लग्न झालं त्या वर्षी मी म्हटलं, "आत्या, निदान खुर्चीवर तरी बस. आत चल."

"नको रे. मी आत असले तर तुझी बायको सांगायची नाही."

मी कॉफी आणून दिली. ती हातात तशीच निवत राहिली. आत्याचं सगळं लक्ष बंद दाराकडे होतं.